वेल्श खाणकामगारांच्या मागावर : स्क्रँटन ते कॅटासॉक्वा

ऑक्टोबरात कोलंबस डेला जोडून सुट्टी आली की न्यू जर्सीतले आपले बरेच लोक पानगळीचे रंग पाहायला पोकोनोजच्या डोंगरांत जातात. आम्ही यंदा पोकोनोज ओलांडून पुढे गेलो, त्याला कारण बाबा. बाबा वेस्टर्न कोलफील्ड्समधून ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत खाणींत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. न्यूयॉर्कच्या इमारती त्यांनी शांतपणे पाहून घेतल्या, पण इथून दोन-अडीच तासांवर अँथ्रासाइट कोळशाचं खोरं आहे म्हटल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले. सीम, म्हणजे कोळशाचा थर, किती जाडीची? छत कसं? खाणीत उतरू देतात का?

मला त्या खोऱ्यात वेल्श लोक शोधायचे होते. वेल्स हा चिमुकला देश, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळसा आणि लोखंड यांतलं त्याच्या दक्षिण भागातल्या कामगारांचं कसब नावाजलेलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत अँथ्रासाइटचे प्रचंड साठे होते. ते जमिनीखालून काढायचे कसे आणि त्यावर लोखंड वितळवायचं कसं, हे जाणणारी माणसं मात्र तिथे नव्हती. ती वेल्समधून आली. अमेरिकेच्या पोलादाची गोष्ट कारखानदारांच्या नावांनी सांगितली जाते. ज्यांच्या हातात ती विद्या होती, त्यांची नावं पाहायला कबरस्तानात जावं लागतं, आणि हे मला फार लागतं.

शुक्रवार : स्क्रँटन

डेलावेअर वॉटर गॅपला इतकं धुकं होतं की नदी दिसलीच नाही. घाट चढून वर आल्यावर ऊन पडलं आणि दोन्हीकडचे डोंगर पिवळे-तांबडे होऊन समोर आले.

स्क्रँटन गावाच्या मधोमध, रोअरिंग ब्रूक नावाच्या ओढ्याकाठी चार दगडी भट्ट्या एका ओळीत उभ्या आहेत. १८४८ ते १८५७ या काळात बांधलेल्या. एखाद्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजांखालून जावं तसं त्यांच्या कमानींखालून आत जाता येतं. बाबा कमानीत वाकून वर बघत राहिले. "हवा कुठून मारत असतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि मुद्द्याचा. अँथ्रासाइट हा अतिशय कठीण, चकचकीत कोळसा. एकदा पेटला की धूर जवळजवळ नाही आणि धग भरपूर, पण पेटता पेटत नाही. साध्या थंड हवेच्या झोतावर त्यात लोखंड वितळत नाही. झोतच आधी तापवून सोडावा लागतो.

इथे १८४० मध्ये स्क्रँटन बंधू आणि त्यांच्या भागीदारांनी काम सुरू केलं तेव्हा गावाचं नाव स्लोकम हॉलो होतं. खनिज होतं, कोळसा होता, चुनखडी होती, पैसाही आणला होता. भट्टी मात्र नीट चालेना. शेवटी डॅनव्हिलहून एका वेल्श भट्टीवाल्याला बोलावून आणलं आणि १८४२ मध्ये त्यानं ती चालती केली. पुढे १८४७ मध्ये ईरी रेल्वेसाठी रूळ इथे तयार होऊन गेले, गाव शहर झालं आणि शहराला मालकांचं नाव मिळालं. १९०२ मध्ये कंपनीनं सगळा पसारा उचलून ईरी सरोवराच्या काठी नेला. कामगार मागे राहिले.

भट्ट्या बघायला तिकीट लागत नाही. सकाळी गेलात तर कमानींत ऊन येतं आणि आतल्या विटांवरची वितळून काचेसारखी झालेली झाक दिसते. तासभर पुरे. शेजारीच स्टीमटाउनचं रेल्वे संग्रहालय आहे, मुलं बरोबर असतील तर आधी तिकडे जा.

दुपारी लॅकवाना नदी ओलांडून पश्चिमेच्या टेकडीवर गेलो. हा हाइड पार्क, १८६६ पर्यंत वेगळं गाव, आणि अमेरिकेतल्या वेल्श वस्तीचं एक मोठं केंद्र. इथे देवळं वेल्श, दुकानातली भाषा वेल्श. १८६८ पासून काही वर्षं 'बानेर अमेरिका' नावाचं वेल्श भाषेतलं वर्तमानपत्र इथून निघत होतं. खाणकामगारांच्या वस्तीत! दिवसभर जमिनीखाली राबून आलेली माणसं संध्याकाळी आपल्या भाषेत कविता वाचत आणि आयस्तेद्वोद म्हणजे कविता-गायनाच्या स्पर्धा भरवत. आता रस्त्यावर वेल्श कानावर येत नाही. लाकडी घरं, उंच पायऱ्या आणि पोर्चवर मांडलेले भोपळे.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. चहा शोधत एका छोट्या किराणा दुकानात शिरलो, तर काउंटरवर नेपाळी गृहस्थ. भूतानमधून निर्वासित झालेली बरीच नेपाळी कुटुंबं गेल्या काही वर्षांत स्क्रँटनमध्ये स्थायिक झाली आहेत. बाबांना अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच दुकानदाराशी थेट हिंदीत बोलता आलं. खाण बंद झाली तर आता गावाचं पोट कशावर चालतं, असं त्यांनी विचारलं. मुलगा गोदामात कामाला आहे, इथली बरीच पोरं तिथंच जातात, असं ते म्हणाले. आम्हाला त्यांनी आतल्या टेबलावर बसवलं, भाजीचे मोमो आणि आलं घातलेला चहा दिला. रात्रीचं जेवण तिथेच झालं.

शनिवार : खाणीत

मॅकडेड पार्कमध्ये लॅकवाना कोल माइन टूर आहे. १८६० मध्ये उघडलेली आणि १९६६ मध्ये बंद पडलेली ही खाण १९८५ पासून लोकांना दाखवतात. पिवळ्या डब्यात बसवून दोराच्या आधारानं उतारावरून जवळपास ३०० फूट खाली सोडतात. आमच्याकडच्या भाषेत हा इन्क्लाइन, म्हणजे खाणीत उतरणारा तिरका रस्ता. बाबा डब्यात बसले आणि कुणी न सांगता हात आत घेऊन, मान खाली घालून तयार झाले. बाकी सगळे फोटो काढत होते.

खाली बाराही महिने ११-१२ अंश तापमान असतं. जाड स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेतच. पायाखाली ओलं असतं आणि चालणं बरंच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीच्या चढाचा विचार आधी करावा. ही टूर हिवाळ्यात बंद असते, साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते, तेव्हा वेळ बघूनच निघा.

गाइड साठीचे, धिप्पाड. पणजोबा वेल्समधून आलेले, आजोबा याच खोऱ्यात खाणीत. त्यांनी काठीनं छत ठोकून दाखवायला सुरुवात केली, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. काठी त्यांच्या हातात आली. दोन ठिकाणी ठोकून बाबा म्हणाले, "इथं घट्ट आहे. तिकडं जरा पोकळ बोलतंय." मी इंग्रजीत सांगितलं. गाइडनी काठी घेतली, त्याच जागी ठोकलं आणि बाबांचा हात हातात घेतला. पुढची टूर त्यांनी आमच्याच जवळ उभं राहून केली आणि मी दोघांच्या मध्ये दुभाषी झाले.

बाबांना सगळ्यात नवल वाटलं ते थरांच्या कमी उंचीचं. चंद्रपूरकडे सीम अनेक मीटर जाड असते, माणूस उभा राहून काम करतो. इथे काही थर इतके बुटके की माणूस कुशीवर पडून कोळसा फोडत असे. कोळसा हाताला लागत नाही, याचंही त्यांना अप्रूप. त्यांनी तुकडा बोटांत चोळून पुन्हा पुन्हा पाहिला.

कामाची उतरंड गाइडनी नीट समजावली. मुख्य खाणकामगाराला टनावर किंवा डब्यावर मजुरी मिळे. सुरुंगाची भोकं पाडणं, दारू भरणं, छत राखणं हे त्याचं काम. कोळसा भरायला तो स्वतःच्या मजुरीतून हाताखाली मजूर ठेवी. सुरुवातीच्या काळात वरचा माणूस बहुधा वेल्श आणि खालचा आयरिश. फायरबॉस (खाणीतला वायू तपासणारा), फोरमन या जागाही वेल्श लोकांकडे. यातून दोन समाजांत मोठी कटुता आली, हे गाइडनी काही न लपवता सांगितलं आणि मला ते आवडलं. वेल्श लोकांची विद्या खरी होती, तशी त्यांनी आपल्याच गोटात राखलेली मक्तेदारीही खरी होती. पुढे पोलिश, लिथुआनियन, इटालियन आले तेव्हा तीच उतरंड आणखी एक पायरी खाली सरकली.

टूर संपत आली तेव्हा बाबांनी विचारलं, "दुसरा रस्ता कुठे आहे?" खाणीतून बाहेर पडायचा दुसरा मार्ग. आपल्याकडे दोन औटलेटशिवाय खाणीत माणसं उतरवायची नाहीत असा कायदाच आहे. कुठल्याही नव्या खाणीत बाबा आधी हेच बघत आले. गाइडनी तो रस्ता दाखवला आणि मग म्हणाले, "उद्या अ‍ॅव्हनडेलला जा. पण त्याआधी आज वॉशबर्न स्ट्रीटचं कबरस्तान बघा."

खाणीला लागूनच अँथ्रासाइट हेरिटेज म्युझियम आहे, तेही चुकवू नका. सेफ्टी लॅम्पपाशी बाबा थांबले. ज्योतीवर निळसर टोपी चढली की मिथेन, ज्योत विझत चालली की प्राणवायू कमी, हे त्यांनी तिथल्या दोन शाळकरी मुलांना खुणांनी शिकवलं. १९१७ मध्ये या प्रदेशानं वर्षाला सुमारे १० कोटी टन कोळसा काढला, तो कळस. त्यानंतर उतारच.

मग वॉशबर्न स्ट्रीट. हाइड पार्कमधलंच हे कबरस्तान. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स, थॉमस, पुन्हा जोन्स. कितीतरी दगडांवर मजकूर वेल्शमध्ये. अ‍ॅव्हनडेलच्या खाण दुर्घटनेत गेलेल्यांपैकी ६१ जण इथे आहेत. गवत नुकतंच कापलेलं होतं आणि मेपलची पानं दगडांवर चिकटली होती. बाबांनी काही दगडांवरची पानं हातानं काढली.

रविवार : अ‍ॅव्हनडेल आणि गाणी

स्क्रँटनहून विल्क्स-बॅरीकडे जाताना रस्त्याकडेला काळे डोंगर दिसतात. ही कल्म, म्हणजे कोळशातून वेगळ्या केलेल्या दगड-मातीचे ढीग, आपल्याकडे उघड्या खाणींशेजारी दिसणाऱ्या मातीच्या ढिगांसारखे (ओबी डंप). शंभर वर्षांत त्यांच्यावर पांढऱ्या सालीची बर्चची झाडं उगवली आहेत. काळ्या उतारावर पांढरी खोडं आणि पिवळी पानं. हा देखावा मी इतरत्र पाहिलेला नाही.

अ‍ॅव्हनडेल प्लिमथजवळ, यूएस-११ रस्त्यावर आहे. तिथे राज्य सरकारचा निळा फलक आहे, झाडी आहे, बाकी फार काही नाही. म्हणून आधी माहिती वाचून जा, नाहीतर दोन मिनिटांत परत फिराल.

६ सप्टेंबर १८६९. बरेच दिवस चाललेला संप मिटून कामगार नुकतेच कामावर परतले होते. खाणीला उतरायला-चढायला एकच शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा मार्ग. त्याचे लाकडी फळ्यांनी दोन भाग केलेले, एकातून ताजी हवा खाली आणि दुसऱ्यातून खराब हवा वर. हवा खेळती ठेवायला तळाशी भट्टी पेटवलेली. आणि शाफ्टच्या तोंडावरच कोळसा फोडायचा भलामोठा लाकडी ब्रेकर. लाकूड पेटलं, ब्रेकर पेटला आणि जळून शाफ्टमध्ये कोसळला. खाली असलेल्यांनी विषारी वायू रोखायला आडोसे उभारले. कुणीही वाचलं नाही. त्यांना शोधायला उतरलेल्यांपैकी थॉमस विल्यम्स आणि डेव्हिड जोन्स हे दोघं वायूनं गुदमरून गेले. एकूण ११० माणसं, बहुतेक वेल्श.

हे टळण्यासारखं होतं, म्हणून जास्त संताप येतो. इंग्लंडमध्ये हार्टलीच्या खाणीत १८६२ साली पंपाची तुळई तुटून एकमेव शाफ्ट बुजला, २०४ जण अडकून मेले आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एकाच शाफ्टवर खाण चालवण्याला बंदी झाली. अ‍ॅव्हनडेल त्यानंतर सात वर्षांनी. समुद्रापलीकडे माहीत असलेली गोष्ट इथे मालकांना खर्चाची वाटली. कामगार संघटनेचा आयरिश पुढारी जॉन सायनी शाफ्टपाशी जमलेल्या लोकांसमोर उभा राहून बोलला. पुढच्या वर्षी, १८७० मध्ये, पेनसिल्व्हेनियानं सगळ्या अँथ्रासाइट जिल्ह्यांसाठी खाण सुरक्षा कायदा केला. दोन मार्ग, तपासनीस, हवेची व्यवस्था.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "बेटा, आमच्याकडचा कायदा इंग्रजांच्या कायद्यावरून आला. म्हणजे मी रोज घरी यायचो, त्यात त्या हार्टलीवाल्यांचा वाटा आहे." त्यांनी फलकासमोर चप्पल काढली, हात जोडले आणि आम्ही निघालो.

दुपारी वायोमिंग खोऱ्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये गमान्वा गानी होतं. म्हणजे सगळ्या जमावानं मिळून, चार आवाजांत स्तोत्रं गाणं. इथे ऐकणारा वेगळा आणि गाणारा वेगळा असं नसतं. मी आदल्या आठवड्यात फोन करून आलो तर चालेल का विचारलं होतं. असं विचारून गेलात तर मनापासून बोलावतात. १९२९ मध्ये नायगाराला अमेरिकाभरच्या वेल्श लोकांचा असा मोठा मेळा भरला होता, आणि त्यातून उभी राहिलेली संघटना आजही लेबर डेच्या सुमाराला दरवर्षी वेगळ्या शहरात जमते.

ऐंशीच्या पुढच्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. त्यांना वेल्श बोलता येत नव्हतं, पण स्तोत्रांचे वेल्श शब्द तोंडपाठ होते. त्यांनी आपल्या आजोबांचं जीर्ण पुस्तक पर्समधून काढून बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यात पाच रेघांची स्वरलिपी नव्हती; नुसती अक्षरं, टिंबं आणि रेघा होत्या. डो, रे, मी यांची आद्याक्षरं. टॉनिक सोल्फा नावाची ही पद्धत वेल्समध्ये घरोघर पोचली होती, त्यामुळे पियानो परवडत नसलेला खाणकामगारही चार आवाजांतली रचना वाचून गाऊ शके. बाबा कॉलनीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी मिनिटभर पान पाहिलं आणि बोट ठेवत हळू आवाजात म्हणायला लागले : सा, रे, ग, ग, रे. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीच ओळ वेल्शमध्ये गायली. मग दोघं मिळून. मी मध्ये काही बोलले नाही, दुभाष्याची गरजच नव्हती.

शेवटचं कडवं संचालकानं हात वर करून पुन्हा घ्यायला लावलं, मग पुन्हा. तशी रीतच आहे. तिसऱ्या वेळी खालच्या आवाजातले पुरुष असे काही लागले की बाकावर ठेवलेल्या हाताला ते जाणवत होतं.

नंतर तळघरात चहा. बेदाणे आणि जायफळ घातलेल्या, तव्यावर भाजलेल्या गोल टिकल्या, त्यांना इथे वेल्श कुकीज म्हणतात. बाबांनी कृती विचारली, आजींनी पेपर नॅपकिनवर लिहून दिली. शाकाहाऱ्यांसाठी या भागात अडचण नाही : बटाट्याचे पिरोगी, कोबी-नूडल्सची हलुश्की आणि ओल्ड फोर्ज गावाचा चौकोनी पिझ्झा. तिथे अख्ख्या पिझ्झाला 'ट्रे' म्हणून ऑर्डर द्यायची. शिवाय टीबेरीचं गुलाबी आइस्क्रीम मिळालं तर नक्की खा.

सोमवार : डॅनव्हिल आणि कॅटासॉक्वा

डॅनव्हिलला जाण्याचा सल्ला आजींचा. सस्क्वेहॅना नदीकाठचं हे नीटनेटकं गाव. इथल्या माँटूर आयर्न वर्क्समध्ये १८४५ साली अमेरिकेतले पहिले टी-आकाराचे रूळ लाटले गेले. त्याआधी असे रूळ ब्रिटनमधून येत. रूळ लाटणाऱ्यांत वेल्श कामगार भरपूर. मर्थर टिडविलहून १८५४ मध्ये आलेलं पॅरी कुटुंब त्यांतलंच. मुलगा जोसेफ तेव्हा तेरा वर्षांचा. वेल्समध्ये नवव्या वर्षापासून तो आधी कोळशाच्या खाणीत आणि मग लोखंडाच्या कारखान्यात राबलेला. डॅनव्हिलच्या रोलिंग मिलमध्ये काम करता करता तो सोबतच्या वेल्श कामगारांकडून संगीत शिकला. त्याच्या रचना समुद्रापलीकडच्या आयस्तेद्वोदमध्ये बक्षिसं मिळवू लागल्या, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकला पाठवलं. तो पुढे अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातला संगीताचा पहिला प्राध्यापक झाला आणि वेल्सचा सर्वांत लाडका संगीतकार. काल त्या चर्चमध्ये गायलेल्या चालींत एक त्याची होती. वर्गणी काढणाऱ्यांत हातावर भाजल्याचे डाग असलेली माणसं होती, याचं मला सगळ्यात जास्त वाटतं.

परतीच्या वाटेवर अ‍ॅलनटाउनजवळ कॅटासॉक्वा. इथे पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. या सगळ्या गोष्टीचा उगम इथला. लीहाय खोऱ्यातल्या कंपनीनं वेल्समधल्या इनिसकेडविनच्या कारखान्यातून डेव्हिड थॉमसला करार करून आणलं. त्यानं १८३७ मध्ये तिथे तापलेल्या हवेच्या झोतावर अँथ्रासाइटनं लोखंड वितळवून दाखवलं होतं. १८३९ मध्ये तो कुटुंबासह आला. झोताच्या यंत्राचे सिलिंडर जहाजाच्या तोंडातून आत जाईनात म्हणून मागेच ठेवावे लागले, ते फिलाडेल्फियात नव्यानं ओतून घेतले. ४ जुलै १८४० ला भट्टीतून पहिलं लोखंड बाहेर पडलं. गावाचं पहिलं नाव क्रेनव्हिल, थॉमसच्या वेल्समधल्या मालकाच्या नावावरून. १८७१ मध्ये विल्क्स-बॅरीला अमेरिकेतल्या खाण अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून थॉमसलाच निवडलं.

भट्ट्या आता नाहीत. लीहाय कालव्याची वाट आणि जुनी दगडी घरं आहेत. कालव्याकाठची वाट पावसात निसरडी होते, वयस्कर माणसं असतील तर कोरड्या दिवशीच या. आम्ही छत्री धरून थोडं चाललो, मग एका डायनरमध्ये गरम सूप घेतलं.

गाडीत बाबांनी फोनवर नकाशा उघडून ओहायो शोधलं. आजींनी त्यांना जॅक्सन काउंटीबद्दल सांगितलं होतं. तिथल्या वेल्श शेतकऱ्यांनी शेअरच्या बदल्यात आपल्या जमिनी देऊन १८५४ मध्ये जेफरसन फर्नेस उभी केली आणि रविवारी ती कधी चालवली नाही. ओक हिल गावातल्या जुन्या वेल्श चर्चमध्ये त्यांचं संग्रहालय आहे. न्यू जर्सीपासून नऊ-दहा तासांचा रस्ता, म्हणजे मध्ये एक मुक्काम हवा. बाबांचं तिकीट डिसेंबरचं आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जायचं ठरतंय. संग्रहालय त्या दिवसांत उघडं असतं का, ते फोन करून विचारायचं आहे.